न उडालेली फोलपटं

१

“मावशी, आमची कॉफी मेली,” आम्रपाली फोनवर एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, अगं बये, माणसं मरतात, कॉफी कशी मरेल? पण रडणं थांबेना. मग मी पायात चपला सरकवल्या आणि महाडचा स्टँड गाठला.

मी उज्वला तांबे. एसटीत कंडक्टर होते. महाड-भोर, महाड-शिवथर, महाड-पोलादपूर, सगळी नोकरी उभ्याने केली. निवृत्त झाल्यापासून घरात जो तो मला म्हणतो, तुम्ही बसा. बसा म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिल्ला डेपोत जमा केला, पायाची भिंगरी काही कोणी जमा करून घेतली नाही. त्यामुळे भाचीकडे काहीतरी बिनसलंय हे कळल्यावर, खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मला जरा बरंच वाटलं.

आम्रपाली माझ्या बहिणीची मुलगी, पोलादपूरला दिलेली. नवरा राजेंद्र शाळेत शिक्षक. ती आणि तिची शाळेपासूनची, महाडला माहेरी राहणारी मैत्रीण अफशा, दोघी मिळून आम्रपालीच्या मागच्या स्वयंपाकघरात कॉफी भाजतात आणि पाकिटं भरून विकतात. कच्च्या बिया चिकमगळूरकडून येतात. अफशाचा भाऊ उझैर ट्रक चालवतो, तो परत येताना पोतं टाकून जातो. त्यानेच वेल्डरकडून हाताने फिरवायचा डबा करून दिलाय. तो गॅसवर ठेवायचा आणि आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येईस्तोवर फिरवत राहायचं. भाजताना दाण्याची पातळ साल सुटते आणि फोलपटं घरभर उडतात, त्यावरून आम्रपालीची रोज कटकट. पण कॉफी अशी करतात की जन्मभर स्टँडवरचा चहा प्यायलेली मी, आता त्यांच्या कपाशिवाय सकाळी माणसात येत नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. रविवारी महाबळेश्वरकडचा एक हॉटेलवाला आंबेनळी घाट उतरून चव बघायला येणार होता. त्याला आवडली तर वर्षभर त्याच्याकडे यांचीच कॉफी. आम्रपालीला त्याची हौस होती, पण अफशाचं सगळंच त्यावर टांगलेलं. तिचा नवरा कुवेतला, सासर खेडकडे, आणि सासू हट्टाला पेटलेली की धंदाबिंदा पुरे, इकडे येऊन राहा. अफशाच्या वडिलांनी, अब्बासभाईंनी, विहिणीकडून कशीबशी मुदत मागून घेतली होती. ऑर्डर मिळाली तर पोरगी इथे राहील, नाहीतर बोचकं बांधेल, असं ठरलं होतं.

मी पोहोचले तेव्हा ओसरीवर आम्रपालीची सासू सोनाबाई वाल सोलत बसल्या होत्या. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकलेले, बोटाने दाबला की साल इकडे आणि डाळिंबी तिकडे. “या विहीणबाई, आज बिरडं हाय,” म्हणाल्या. मी मान डोलावून आत गेले.

आम्रपालीने माझ्यापुढे कप ठेवला. पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. कडू असती तर चाललं असतं, जळकी असती तरी समजलं असतं. ही कशाचीच नव्हती. ओलं गोणपाट उकळून गाळल्यासारखी लागत होती. आणि याच पोत्यातली पहिली कॉफी मी याच स्वयंपाकघरात, पोतं आलं त्या आठवड्यात प्यायले होते. तेव्हा गुळासारखा गोडवा होता आणि तो बराच वेळ घशात रेंगाळला होता.

तिने सगळं करून पाहिलं होतं. दळण जाड करून, बारीक करून, पाणी उकळीवरून जरा खाली आल्यावर ओतून, भाजलेले दाणे दोन दिवस मुरू देऊन. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत भाज बघू. तिने डबा फिरवायला घेतला. दाणे तडतडले ते अगदीच मलूल, रंग आला तो चट्ट्यापट्ट्यांचा. तिने ते चाळणीत ओतून पंख्याखाली धरले, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, नशीब, पुसायला तरी लागत नाहीये.

तेवढ्यात ओसरीवरून सोनाबाईंचा आवाज आला, “आज कचरा नाय ना पडला गो?”

“नाही आई, तुम्ही बसा,” आम्रपालीने इथूनच सांगितलं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, “मावशी, पोतं बदललंय. आणि कोणी बदललं ते मला माहीत आहे.”

२

यंदा ईद आणि वीस मार्च लागून आले होते. वीस मार्चला चवदार तळ्यावर माणूस लोटतो. राजेंद्र दरवर्षी तिथे पाण्याच्या नि जेवणाच्या व्यवस्थेत असतो, म्हणून तो आणि आम्रपाली आधीपासूनच माझ्याकडे महाडला मुक्कामाला होते. अफशा ईदच्या तयारीत. गुडघ्यांमुळे सोनाबाई आल्या नव्हत्या, पोलादपूरचं घर त्यांच्या एकटीवर होतं. परत आल्यावर आम्रपालीने कॉफी भाजली तर ही अशी. तिने सासूला विचारलं, आपल्यामागे कोण आलं होतं? त्या म्हणाल्या, उझैर येऊन गेला.

बस. तेवढ्यावर आमच्या बाईसाहेबांनी सुतावरून स्वर्ग गाठला. उझैरकडे ट्रक आहे, उझैरला माल कळतो, चांगलं पोतं उचललं, त्याजागी कुठलं तरी सडकं ठेवलं. सकाळी मला फोन करायच्या आधी तिने अफशाला फोन करून हे सगळं तोंडावर सांगूनही टाकलं होतं. अफशा “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने अब्बासभाईंचा निरोप आला की भाजायचा डबा आमच्या उझैरने दिलेला आहे, संध्याकाळी येऊन घेऊन जातो.

“पोतं बदलताना कोणी पाहिलं?” मी विचारलं. कोणीच नाही. बिनातिकिटाचा म्हणून माणसाला गाडीतून उतरवायचं तर आधी त्याचा खिसा बघावा लागतो, हे मी तिला सुनावलं. तिला ते आवडलं नाही.

मग मी राजेंद्रला धरला. तो दुपारी जेवायला घरी आला होता. त्याला हा धंदा डोळ्यांसमोर नको, हे त्याने कधी लपवलं नाही. शर्टाला धुराचा वास, वर्गात पोरं मागून “कॉफी सर” म्हणतात. मी सरळच विचारलं, तू काही केलंयस का त्या पोत्याला? तो दुखावला. म्हणाला, मावशी, हे बंद पडलं तर मी पेढे वाटेन, पण असं पाडणार नाही. आणि तसंही तो सगळे दिवस माझ्याच घरी होता, माझ्याच गादीवर घोरत होता. त्याला मी मनातून वगळला.

पण जाता जाता तो कुरकुरला. म्हणे या घरात कोणाला कशाचं पडलेलं नाही. धुवून, घडी करून ठेवलेले पंचे होते, परत येऊन बघतो तर त्यांवर हे डाग. त्याने आणून दाखवले. पिवळट हिरवे, पसरट डाग, धुऊनही न गेलेले. नाकाशी धरले तर कच्च्या पाल्यासारखा वास. मला त्याचा अर्थ लागेना आणि अर्थ लागला नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्यातला एक पंचा मी पिशवीत टाकला. माजघरातल्या पोत्यातले मूठभर कच्चे दाणे रुमालात बांधले आणि निघाले.

ओसरीवर सोनाबाईंनी मला अडवलं. “अफशा नाय येणार आता?”

मी म्हटलं, येणार नाही, तिचा बाप येईल डबा न्यायला. पोरगी बहुतेक खेडला जाईल. सोनाबाईंच्या बोटांत धरलेला वाल न सोललेलाच राहिला होता.

३

महाडला पोहोचले तेव्हा अब्बासभाई जुम्म्याच्या नमाजेहून नुकतेच परतले होते. गल्फमध्ये उमेदीची वर्षं घालवून परत आलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाले, उज्वलाबाई, तुमच्या गाडीतून माझी पोरं शाळेत गेली, म्हणून तुम्हाला आत घेतलं. तुमच्या भाचीला घेतलं नसतं. त्यांच्या बायकोने, हाजराने, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती दाराशीच उभी राहिली.

उझैर तावातावाने बोलत होता. चोर म्हणे! ईदच्या दिवशी पोलादपूरवरून जायचं होतं, म्हणून अम्मीने शीरखुर्म्याचा डबा दिला, तो पोचवला, एवढंच. मी विचारलं, आत गेला होतास? तर नाही. एरवी सोनाबाई त्याला हाताला धरून बसवतात, काहीतरी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी दार अर्धंच उघडलं आणि उंबऱ्यातूनच डबा घेतला. हात कोपरापर्यंत ओले होते, डबा निसटता निसटता राहिला, म्हणून त्याला आठवत होतं. धुणं काढलं असेल, असं म्हणून तो निघून आला.

अफशा खिडकीपाशी बसली होती. डोळे सुजलेले, पण आता रडत नव्हती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले तशी म्हणाली, “मावशी, तिने मला विचारलं असतं तर मी भांडले असते. तिने विचारलंच नाही. ठरवूनच टाकलं.”

माझी भाची चुकली होती आणि ते मी तिथे, सगळ्यांसमोर म्हटलं. मग रुमाल सोडला. म्हटलं, पोरी, हे दाणे तुमच्या पोत्यातले आहेत की दुसऱ्या कुठल्या?

ती उठली आणि फडताळातून काचेची बाटली घेऊन आली. प्रत्येक पोतं उघडलं की त्यातली वानगी ती आधी बाजूला काढून ठेवते, भाताचे व्यापारी ठेवतात तशी. पुढचं पोतं निवडताना तिच्याशी ताडून बघायचं, आकार सारखा आहे का, काळे नि फुटके दाणे किती आहेत. ही याच पोत्याची वानगी होती. आम्ही दोन्ही दाणे ताटात शेजारी शेजारी पसरले. आकार तोच, घडण तीच, मधली चीरही तशीच. माल एकच होता, त्याबद्दल तिला शंका नव्हती. फक्त बाटलीतल्या दाण्यांवर चंदेरी पापुद्रा होता आणि माझ्या रुमालातले दाणे निस्तेज, गुळगुळीत, उघडे दिसत होते.

“भाज,” मी म्हटलं. “तवा घे, आणि आधी बाटलीतले भाज.”

हाजराच्या स्वयंपाकघरात तिने थोडे दाणे तव्यावर टाकले. थोड्या वेळात ते तडतडायला लागले, खणखणीत. अफशाने कालथा फिरवला आणि फोलपटं उडाली. ओट्यावर, शेगडीवर, हाजराच्या ओढणीवर. हाजरा वैतागली, अगं माझं आत्ताच पुसून झालं होतं. माझ्या नाकात एक फोलपट गेलं आणि मला सणसणून शिंक आली.

मग रुमालातले भाजले. तवा स्वच्छ. ओटा स्वच्छ.

मी पिशवीतला पंचा बाहेर काढला, पुन्हा वास घेतला आणि मग रुमालात उरलेल्या कच्च्या दाण्यांचा घेतला. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पण रविवार तोंडावर होता, आणि गप्प बसले तर त्या खिडकीतली पोरगी हकनाक जात होती. मी अब्बासभाईंना म्हटलं, डबा आणायला निघताय ना, सगळेच चला. अफशा, बाटली बरोबर घे.

४

पोलादपूरला आम्ही उतरलो तेव्हा आम्रपाली दारात आली आणि अफशाला बघून तिथेच थबकली. राजेंद्र शाळेतून आला होता. सोनाबाई ओसरीच्या कोपऱ्यात होत्या. मी सगळ्यांना आत बोलावलं. सोनाबाई उठायला लागल्या तसा राजेंद्र सवयीने म्हणाला, आई, तू बस. मी म्हटलं, नाही, त्यांनाही येऊ दे.

मी बाटली आणि रुमाल दोन्ही पुढे ठेवले. आधी आम्रपालीला सांगितलं की पोतं बदललेलं नाही, ही वानगी आणि हे दाणे एकाच पोत्यातले आहेत, हवं तर स्वतः ताडून बघ. तिने बघितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

मग विचारलं, सकाळी तू माझ्यासमोर भाजलंस तेव्हा ओटा पुसावा लागला नाही. का? फोलपटं उडाली नाहीत. आणि न उडायचं कारण एकच, दाण्यावरची साल भाजायच्या आधीच गेलेली होती. पण वाळल्या दाण्याची साल अशी निघत नाही. न भाजता साल काढायची आपल्याकडे एकच रीत आहे, भिजत घालायचे आणि चोळायचे. म्हणजे पोतं भिजलं. भिजलं की चव पाण्याबरोबर गेली, उरलं ते गोणपाट. भिजवलेले दाणे वाळवायला फडकी लागतात, ती राजेंद्रच्या पंच्यांची केली, डाग त्या पाण्याचे. आणि ईदच्या दिवशी उझैर दारात आला तेव्हा घरातल्या माणसाचे हात कोपरापर्यंत ओले होते.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळायला लागल्या. आणखी एक गोष्ट माझ्याकडे होती. सकाळी ओसरीवरून विचारलं गेलं होतं, आज कचरा नाही ना पडला. आज पडणार नाही, हे ओसरीवर बसलेल्या माणसाला कसं ठाऊक? पण ते बोलायला माझी जीभ उचलेना.

“मी सोललं,” सोनाबाई म्हणाल्या.

त्या खाली बघत बोलत राहिल्या. “ही रोज वाकून वाकून ती सालं पुसते. त्या सालांना शिव्या घालते. मी म्हटलं, वालाची साल आपण भिजवून काढतो, याची पण काढून ठेवू. पोरी परत येतील, बघतील, खूश होतील. पोत्यात उरलेलं सगळं, थोडं थोडं करून, मोठ्या पातेल्यात भिजत घातलं. पाणी हिरवं झालं, मला वाटलं मळ निघतोय. उझैर आला तेव्हा हात त्याच्यातच होते. त्याला आत घेतला असता तर समजलं असतं, मला गुपचूप करायचं होतं. चव जाते ते मला काय म्हायत? मला कोण सांगतं? काय विचारलं की म्हणतात, आई, तुम्ही बसा.”

राजेंद्र कासावीस झाला. आई, मग सकाळीच का नाही बोललीस, असं म्हणाला.

“हिने विचारलं कोण आलं होतं. आला होता तो, मी खरं तेच सांगितलं. त्याचं असं होईल म्हणून नाय. मग भांडण झालं आणि मला भ्याव वाटलं.” त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली ती अब्बासभाईंकडे बघून. “भाई, डबा नका नेऊ. पोरीला नका पाठवू. न्यायचं तर मला न्या, मला वरंधला, गावच्या घरी सोडून या.”

अब्बासभाईंनी घसा खाकरला. डब्याकडे बघितलं, मग छताकडे. म्हणाले, डबा जड आहे, माझी कंबर दुखते, नंतर बघू.

आम्रपाली अफशाच्या समोर जाऊन उभी राहिली. पोरगी लहानपणापासून अशीच, भांडताना तोंड चालतं आणि माफी मागताना बसतं. शेवटी उझैरकडे वळून म्हणाली, दादा, चुकलं माझं. आणि मग अफशाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. अफशा ताठ उभी होती. तिने हात वर केला नाही. मग म्हणाली, “परत असं केलंस तर मी खरंच जाईन. आता बाटली घे. रविवारपुरती होईल.”

होणार होती. चव दाखवायला पोतं लागत नाही. आज भाजली की रविवारपर्यंत मुरणार होती, आणि नवीन पोत्यासाठी उझैर त्याच संध्याकाळी चिकमगळूरला निघाला. पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. रविवारी हॉटेलवाला आला, कप रिकामा केला, काही न बोलता पुढे सरकवला, दुसरा मागितला आणि तो पिताना विचारलं की दर महिन्याला कधी पाठवाल. अफशा महाडलाच आहे. खेडची सासूबाई आता पाकीट मागवते.

पण माझ्या मनात राहिलंय ते त्या शुक्रवारचं. अफशाने डबा गॅसवर चढवला आणि फिरवायला घेतला. आम्रपाली सासूशी अजून बोलली नव्हती. राग होता, आणि तो खोटा नव्हता. सोनाबाई कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या, कोणी न सांगता. दाणे तडतडायला लागले, अगदी खणखणीत. अफशाने झाकण काढलं तशी फोलपटं उसळली, ओट्यावर पडली, आम्रपालीच्या केसांत अडकली. दाणे झटपट गार करायला हवे होते, नाहीतर आतल्या आत भाजत राहतात. आम्रपालीने चाळणीकडे हात नेला आणि मागे घेतला. भिंतीवरच्या खुंटीचं सूप काढलं, गरम दाणे त्यात ओतले आणि कोपऱ्याकडे वळली.

“आई,” ती म्हणाली, “उठा.”